विश्लेषण : नांगराच्या कारखान्यातून मराठी व्यंगचित्र कसे उगवले? 'शंवाकि' कोण होते?

मलकापूर-कऱ्हाडकडून मिरजेच्या दिशेने रेल्वेने निघाले की शेणोली, टाकारी मागे पडतात आणि किर्लोस्करवाडी लागते. पंपांच्या कारखान्यामुळे हे नाव देशभर पोहोचले. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला तर ते विहिरीवरच्या पंपावरच वाचायला मिळते. पण शंभर वर्षांपूर्वी याच वाडीहून आणखी एक माल टपालाने महाराष्ट्रभर जाऊ लागला होता. तो म्हणजे मासिकाचे अंक. आणि त्या अंकांतून काळ्या शाईने रेखाटलेली व्यंगचित्रे वाचकांच्या घरी पोहोचत होती.

ती चित्रे काढणारे आणि मासिक चालवणारे गृहस्थ एकच होते, शंकर वासुदेव किर्लोस्कर. मराठी वाचक त्यांना आद्याक्षरांवरून 'शंवाकि' म्हणत. कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे ते पुतणे. मराठीतील आद्य व्यंगचित्रकार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या निधनाला आता ५० वर्षे उलटून गेली आहेत. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' या मासिकांचे संपादक म्हणून त्यांची आठवण निघते, चित्रकार म्हणून मात्र क्वचितच. वास्तविक चित्र आधी आले, संपादकपद नंतर.

वाडी कशी वसली?

शंकररावांची गोष्ट त्यांच्या काकांपासून सुरू करावी लागते. लक्ष्मणराव मूळचे बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. लक्ष्मणरावांना चित्रकार व्हायचे होते. त्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आले, की त्यांना काही रंगच नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळ्या माणसाने रंगचित्रे कशी काढायची? त्यांनी कुंचला ठेवला आणि यंत्रांची रेखाटने शिकायला घेतली. पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत ते शिकवूही लागले.

नोकरी सोडून बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर असा त्यांचा प्रवास झाला. नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, तिला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले ४० नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. तेवढ्यात बेळगावच्या पालिकेला नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा हवी झाली.

तेव्हा मदतीला धावले औंधचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता, सातारा जिल्ह्याच्या आसपास तुकड्या-तुकड्यांनी पसरला होता. त्यातल्या कुंडल रोड स्थानकाजवळचे ३२ एकर माळरान त्यांनी लक्ष्मणरावांना दिले, शिवाय भांडवलासाठी कर्जही. निवडुंग आणि सापांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी राहिली. कुंडल रोड स्थानकाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले. आज हा भाग सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात येतो. तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि चित्रकारांचे आश्रयदातेही. कीर्तन आणि सूर्यनमस्कार ही त्यांची आणखी दोन वेडे. एका चित्रकार राजाने, चित्रकार होता होता राहिलेल्या कारखानदाराला जागा दिली आणि त्या जागेत तिसरा चित्रकार येऊन दाखल झाला, असा हा योग आहे.

लाहोर का गाठले?

शंकररावांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा, सोलापूरचा. वडील वासुदेवराव तिथे डॉक्टर होते. डॉक्टरचा मुलगा वकील, डॉक्टर किंवा सरकारी नोकर व्हावा अशी तेव्हाची रीत होती. शंकररावांनी चित्रकला निवडली आणि शिकायला गेले थेट लाहोरला, पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांच्याकडे.

सातवळेकर आज वेदांचे भाष्यकार म्हणून माहीत आहेत. पण त्या काळी ते व्यावसायिक चित्रकार होते. सावंतवाडी परिसरातून जे. जे.मध्ये, तिथून हैदराबादला आणि मग लाहोरला त्यांनी आपला चित्रशाळेचा संसार हलवला. माणूस मात्र नुसता रंगात रमणारा नव्हता. वैदिक प्रार्थनांवरचा त्यांचा एक लेख कोल्हापूरच्या 'विश्ववृत्त' मासिकात १९०८ मध्ये छापून आला आणि इंग्रज सरकारला त्यात राजद्रोह दिसला. संपादक विष्णु गोविंद विजापूरकर यांना त्यापायी तुरुंगात जावे लागले, सातवळेकरांनाही अटक झाली.

अशा गुरूच्या हाताखाली शंकरराव रंग आणि मानवी आकृती शिकले. छापलेला मजकूर माणसाला कुठवर नेऊ शकतो, हे त्या घरात वेगळे सांगायची गरज नव्हती. हेच सातवळेकर पुढे १९१८ मध्ये औंधला येऊन राहिले. शंकररावांनी नंतर मुंबईच्या जे. जे.मध्येही शिक्षण घेतले, म्हणजे ज्या शाळेतून काका रंगांमुळे बाहेर पडले, त्याच शाळेत पुतण्या रंग शिकायला गेला.

आणि तरीही त्यांचे नाव झाले ते बिनरंगाच्या रेघेने.

चित्रकार कारखान्यात काय करत होता?

पहिले महायुद्ध सुरू झाले त्या सुमारास शंकरराव वाडीत कामाला लागले. विलायती नांगरांची आवक मंदावली होती, त्यामुळे देशी नांगराला मागणी होती. कोळसा आणि कच्चे लोखंड मात्र मिळत नव्हते. शंकररावांकडे जाहिरातीचे आणि विक्रीचे काम आले.

हे काम चित्रकाराला कमी दर्जाचे वाटावे असे. तैलरंगात व्यक्तिचित्रे रंगवायला शिकलेल्या माणसाने नांगराचा फाळ काढायचा! पण इथेच त्यांची खरी घडण झाली असावी असे वाटते. ज्याला विकायचे तो शेतकरी बहुधा निरक्षर. त्याच्या मनात लोखंडाविषयी भीती. त्याला पानभर मजकूर देऊन उपयोग नव्हता. लाकडी नांगर किती खोल जातो आणि लोखंडी किती, हे एका चित्रात, एका नजरेत दाखवावे लागे. समजूत खोडून काढायची, पण समजूत बाळगणाऱ्याला दुखवायचे नाही, कारण उद्या तोच नांगर घेणार. व्यंगचित्रकाराला लागणारे अर्धे शिक्षण यात झाले.

१९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. नावाप्रमाणेच ते कारखान्याचे बातमीपत्र. नवे यंत्र कोणते, ते कसे वापरावे, कुठल्या गावी कोणी घेतले, असा मजकूर. परदेशांतले कारखाने आपल्या गिऱ्हाइकांसाठी अशी पत्रके काढत, त्याच धर्तीवरचे हे काम होते. फरक इतकाच, की या पत्रकाचा संपादक चित्रकार होता आणि त्याला नांगरापलीकडचेही बरेच सांगायचे होते.

हळूहळू 'खबरे'त कारखाना मागे सरकत गेला. स्वावलंबन, आरोग्य, उद्योग, प्रवास, कथा आणि समाजातल्या रूढी हे विषय पुढे आले. १९२९ मध्ये नावातला 'खबर' हा शब्द गळाला आणि नुसते 'किर्लोस्कर' राहिले. एव्हाना ते मराठी मध्यमवर्गाचे मासिक झाले होते.

रेघच का?

मोबाइलवर बोट फिरवून रंगीत चित्र पाहणाऱ्याला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. उत्तर छपाईच्या तंत्रात आहे.

त्या काळी मजकूर शिशाच्या खिळ्यांनी जुळवला जाई. चित्र छापायचे तर त्याचा धातूचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक करावा लागे. छायाचित्रासाठी 'हाफटोन' ब्लॉक लागायचा. त्यात चित्राचे बारीक ठिपक्यांत रूपांतर होते. तो महाग, आणि गुळगुळीत कागद नसेल तर ठिपके एकमेकांत मिसळून सगळे चित्र राखाडी होऊन जाई.

'लाइन' ब्लॉकचे गणित सोपे होते. पांढऱ्या कागदावर काळ्याभोर शाईने चित्र काढायचे. त्याचे छायाचित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे. मग पत्रा आम्लात बुडवला, की रेघा सोडून बाकीचा भाग झिजतो आणि रेघा उंच उरतात. हा पत्रा लाकडावर ठोकून खिळ्यांच्या उंचीचा केला, की मजकुराबरोबर एकाच दाबात चित्रही छापले जाते. साध्या कागदावर, साध्या यंत्रावर.

या तंत्राला राखाडी रंग चालत नाही. एक तर काळे, नाही तर पांढरे. म्हणजे चित्रकाराला छाया-प्रकाशाची सगळी कारागिरी बाजूला ठेवून टाकाच्या टोकावर भिस्त ठेवावी लागते. टाक दाबला की रेघ जाड, उचलला की बारीक. तेवढ्यात पोटाचा घेर, भुवयांचा ताठा, कमरेतला वाक बसवायचा. लाहोर आणि मुंबईला शिकलेल्या आकृतीच्या अभ्यासाचा उपयोग इथे झाला. माणूस बिघडवून काढायचा तर आधी तो नीट काढता यावा लागतो.

हे एकट्या वाडीतच चालले होते असे नाही. लंडनचे 'पंच' १८४१ पासून निघत होते आणि त्याच्या अनुकरणाने लखनौत 'अवध पंच', मुंबईत 'हिंदी पंच' अशी पत्रे निघाली. मद्रासेत सुब्रह्मण्य भारतींच्या 'इंडिया' साप्ताहिकाने राजकीय व्यंगचित्रे छापली. कोलकात्यात गगनेंद्रनाथ ठाकुरांनी १९१७ च्या सुमारास बाबू लोकांची आणि पुरोहितांची टर उडवणारी चित्रे काढली. पण ती दगडी छापाची, मोजक्या रसिकांसाठीची. मराठी वाचकाला दर महिन्याला, वर्गणीच्या अंकात, कथा-लेखांच्या शेजारी व्यंगचित्र पाहायची सवय लावली ती शंकररावांनी.

मग हे पट्टीचित्र होते का?

नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रविवारच्या पुरवण्यांतून चित्रमालिका सुरू झाल्या आणि पुढे त्या रोजच्या वर्तमानपत्रात तीन-चार चौकटींत बसू लागल्या. मराठी दैनिकांत त्या अर्थाने घरोघरी पोहोचलेले पात्र म्हणजे 'चिंटू', आणि तो १९९१ मध्ये आला.

रोजच्या चित्रमालिकेला रोज भेटणारा वाचक लागतो. शंकररावांचा वाचक महिन्यातून एकदा भेटायचा. अंक तयार व्हायला, छापायला आणि टपालाने पोहोचायला लागणारा वेळ धरला, तर ताज्या राजकीय घटनेवरचे चित्र वाचकाच्या हाती पडेपर्यंत शिळे झालेले असणार. पण हुंडा पुढच्या महिन्यातही असतो. विधवेचे केशवपन, भोंदू बुवा, शिवाशीव हे विषय अंक उशिरा पोहोचला म्हणून जुने होत नाहीत. शंकररावांनी राजकारणापेक्षा समाजावर टाक रोखला, त्यामागे त्यांची सुधारकी मते होतीच. मासिकाच्या चालीनेही त्यांना त्याच वाटेला लावले असावे.

टाकाचे लक्ष्य कोण होते?

इथे खरी जोखीम होती. राजकीय व्यंगचित्रकाराचे लक्ष्य दूर असते, मुंबईच्या सचिवालयात किंवा लंडनच्या संसदेत. त्याला सरकारची भीती असते, वाचकाची नसते, उलट वाचक त्याच्या बाजूने असतो. सामाजिक व्यंगचित्रकाराचे लक्ष्य मात्र वर्गणीदाराच्या घरात, ओटीवर, कधी कधी खुद्द वर्गणी भरणाऱ्याच्या खुर्चीत बसलेले असते.

त्या काळाकडे एकदा पाहू. मुलींची लग्ने दहा-बारा वर्षांच्या आत लागत. साठीच्या विधुराला कोवळी वधू मिळे आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा, पण सात दशकांनंतरही पुनर्विवाह केलेल्या जोडप्याला वाळीत टाकले जाई. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मध्ये झाला. मुलीचे लग्नाचे वय किमान १४ करणारा सारडा कायदा १९२९ मध्ये संमत झाला, तेव्हा सनातन्यांनी धर्म बुडाल्याची हाकाटी केली.

शंकररावांची चित्रे या धामधुमीतली आहेत. जरठ-कुमारी विवाह, हुंडा, सोवळ्या-ओवळ्याचे स्तोम, बुवाबाजी, अस्पृश्यता, दैवावर हवाला ठेवून बसण्याची वृत्ती यांवर त्यांनी टाक चालवला. लेखातून जे चार पाने युक्तिवाद करून सांगावे लागे, ते चित्रात क्षणात कळे. आणि लेखाला उत्तर देता येते, शास्त्राधार काढता येतो. हसण्याला काय उत्तर देणार?

शिवाय हे मासिक कारखान्याचे होते, हे लक्षात घ्यायला हवे. ज्या घरात अंक गेला तिथेच नांगर किंवा चरक जायचा होता. रूढींची टर उडवणाऱ्या मासिकावर किर्लोस्कर हेच नाव, आणि यंत्रावरही तेच. गिऱ्हाईक रुसले तर नुकसान दोन्हीकडून. कोणत्याही व्यवस्थापकाने अशा संपादकाला आवर घातला असता. लक्ष्मणरावांनी घातला नाही. त्यांच्या वाडीत शिवाशीव मानायची नाही हा नियम होता आणि शिक्षा भोगून आलेल्यांना त्यांनी राखणदार नेमले होते. पुतण्याची चित्रे काकांच्या वस्तीत आधीच चाललेल्या गोष्टींपेक्षा फार वेगळे काही सांगत नव्हती.

याच पानांवर १९३० च्या दशकात विनायक दामोदर सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आले. सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, राजकारणाला बंदी होती. पोथी, गाय, कर्मकांड यांवरच्या त्यांच्या लेखांनी सनातनी मंडळी खवळली. हे लेख छापणे हाही संपादकाचा निर्णय होता, आणि तो चित्रकार-संपादकाच्या स्वभावाला धरूनच होता.

चित्र आणि मजकूर या दोन्हींचा मालक एकच असण्याचा मोठा फायदा शंकररावांना मिळाला. दुसऱ्याच्या पत्रात काम करणाऱ्या व्यंगचित्रकाराचे चित्र संपादकाच्या टेबलावर अडते. इथे अडवणारे कोणी नव्हते. तोटाही तोच. चांगला संपादक चित्रकाराला कधी कधी थांबवतो, पुन्हा काढायला लावतो, खालची ओळ छाटतो. शंकररावांना असा कठोर डोळा लाभला नाही.

'स्त्री' हे नाव धाडसाचे का होते?

१९३० मध्ये 'स्त्री' आले. सारडा कायदा अमलात आला ते हेच वर्ष, मिठाच्या सत्याग्रहात बायका पहिल्यांदा मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरल्या तेही हेच. बायकांसाठीची मासिके मराठीत आधीही होती. पण त्यांचा बराचसा भर गृहिणीला चांगली गृहिणी करण्यावर असे. 'स्त्री'त पाककृती आणि विणकाम होतेच, जोडीला शिक्षण, विवाह, घटस्फोट, मिळकतीतला वाटा हेही विषय आले. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हक्क देणारा डॉ. गोपाळराव देशमुखांचा कायदा १९३७ मध्ये झाला. अशा प्रश्नांची चर्चा माजघरापर्यंत नेणारे साधन तेव्हा मासिकाशिवाय दुसरे फारसे नव्हते.

वर्गणी भरायचा घरचा कर्ता आणि अंक वाचायची सून, हे या मासिकाचे गणित. ज्याच्या पैशाने अंक येतो त्याच्याच अधिकाराविषयी आत प्रश्न विचारलेले असायचे.

'मनोहर' १९३४ मध्ये निघाले, तरुण वाचकासाठी, जरा हलक्याफुलक्या अंगाचे. तीन मासिके, एक छापखाना, आणि हे सगळे पुण्या-मुंबईत नव्हे, तर रेल्वेच्या एका लहान स्थानकाशेजारी. 'गोट्या' आणि 'दाजी' लिहिणारे ना. धों. ताम्हणकर इथेच कामाला होते. लेखकांची हस्तलिखिते टपालाने यायची, अंक टपालाने जायचे. टपाल आणि रेल्वे असेल तर संपादकाला शहरात राहायची गरज नाही, हे वाडीने दाखवले. घरून काम करण्याचे कौतुक असलेल्या आजच्या वाचकाला यात विशेष वाटणार नाही. पण तेव्हा लेखकाने, संपादकाने पुण्या-मुंबईलाच असावे अशी पक्की समजूत होती.

१९४८ मध्ये काय घडले?

गांधीहत्येनंतर उसळलेल्या हिंसाचारात दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरेदारे जाळली गेली. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्यातून सुटला नाही. जमावाने तो पेटवला. ज्या वस्तीने शिवाशीव उंबऱ्याबाहेर ठेवली होती, तिच्यावर जातीच्या नावाने आग आली. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात होते. कारखाना पुन्हा उभा राहिला. १९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले. काकांचे चरित्र शंकररावांनी 'यांत्रिकाची यात्रा' या नावाने लिहिले.

मासिकांचा मुक्काम पुढे पुण्यात हलला. संपादनाची धुरा शंकररावांचे चिरंजीव मुकुंदराव यांच्याकडे गेली. विद्या बाळ १९६४ मध्ये 'स्त्री'त रुजू झाल्या, १९८३ ते १९८६ या काळात त्या संपादक होत्या आणि १९८९ मध्ये त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' सुरू केले. मराठीतल्या स्त्रीवादी नियतकालिकाची मुळे शोधत गेले, तर वाट नांगराच्या कारखान्यापाशी येऊन थांबते.

शंकररावांनी उतारवयात 'शंवाकीय' हे आत्मचरित्र लिहिले. १ जानेवारी १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. वय ८३.

चित्रे मागे का पडली?

एक कारण सरळ आहे. त्यांची बरीचशी लढाई जिंकली गेली. केशवपन संपले, साठीच्या नवऱ्याला दहा वर्षांची नवरी मिळणे संपले. लक्ष्य उरले नाही, की बाणाची धारही कळेनाशी होते. आजचा वाचक त्यातल्या अनेक चित्रांसमोर अडेल, कारण ज्या रीतीची खिल्ली उडवली आहे ती त्याने पाहिलेलीच नाही. हुंडा आणि बुवाबाजी या विषयांना मात्र अजून संदर्भ जोडावा लागत नाही.

दुसरे कारण कलेचे आहे. सुधारकाला आपले म्हणणे पोहोचेल की नाही याची धास्ती असते, म्हणून तो चित्राला शब्दांचा टेकू देतो. त्या पिढीच्या व्यंगचित्रांत मजकुराचा भार आज जास्त वाटतो. पुढच्यांनी तो उतरवला. शि. द. फडणीसांनी तर शब्द जवळजवळ काढूनच टाकले आणि नुसत्या चित्राने हसवले. हरिश्चंद्र लचके, वसंत सरवटे यांच्या रेघेत जो मोकळेपणा आहे, तो आधीच्या पिढीच्या प्रचारी चित्रांत शोधून सापडणार नाही.

पण त्या फडणीसांचे पहिले व्यंगचित्र छापले कुठे? १९४५ मध्ये, 'मनोहर'च्या अंकात. कोल्हापुरात वाढलेल्या विशीतल्या मुलाला चित्र पाठवायला पत्ता हवा होता, आणि व्यंगचित्राला जागा राखून ठेवणारे मासिक जवळच्या वाडीत होते. हास्यचित्र हा दिवाळी अंकाचा अविभाज्य भाग झाला तो नंतर. व्यंगचित्रांसाठीच निघालेले 'मार्मिक' १९६० चे.

शंकररावांच्या चित्रांना एक मर्यादा आणखी होती आणि ती मासिकाची होती. अंक ज्यांना वाचता येत, वर्गणी ज्यांना परवडे, त्यांच्यापर्यंतच ती गेली. शेजारच्या कुंडलच्या शेतमजुराला, ज्याच्या वाट्याला अस्पृश्यता रोज येत होती, त्याला अस्पृश्यतेवरचे व्यंगचित्र दिसण्याची शक्यता फार कमी होती. सुधारक मध्यमवर्गाने मध्यमवर्गाला दाखवलेला तो आरसा होता. मात्र त्या काळात कायदे करायला, शाळा काढायला आणि मोडायला, लग्ने ठरवायला बसलेलाही हाच वर्ग होता. त्यामुळे आरसा चुकीच्या घरात लागला होता असेही म्हणता येत नाही.

ही चित्रे मोबाइलवर शोधली तर फारशी हाती लागत नाहीत. आपल्या गावच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात 'किर्लोस्कर'चे बांधीव अंक आहेत का, हे एकदा विचारून पाहावे. तेव्हाचा कागद आता पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो, पान जपून उलटावे लागते. छायाचित्रे काळवंडलेली सापडतात. जस्ताच्या ब्लॉकवरून उमटलेली टाकाची रेघ मात्र अजून कागदावर ठळक दिसते.